ॲस्ट्रो बॉटच्या एका ट्रॉफीवर सोनीचं अख्खं २०२४ खपवायचं का?

गावभाग_सांगली

पोवई_नाकेकर यांनी परवा लिहिलं, "सोनीचं २०२४ वाया गेलं म्हणणाऱ्यांना खेळायचं नसतं, नुसतं रडायचं असतं. हेलडायव्हर्स २ तुफान चालला, वर्षाचा सर्वोत्तम खेळ ॲस्ट्रो बॉट ठरला. अजून काय पायजे?" त्याखाली 'एकदम बरोबर', 'नाद खुळा' यांची रांग. तिथं दोन ओळींत भागणार नाही, म्हणून वेगळा धागा.

नाकेकर, सोनीच्या प्लेस्टेशनवरच्या खेळांचा नुसता हिशोब मांडू. जानेवारीत लास्ट ऑफ अस भाग २. खेळ २०२० चा, घासूनपुसून परत. ऑक्टोबरात अंटिल डॉन, २०१५ चा. त्याच महिनाअखेरीस होरायझन झीरो डॉन, २०१७ चा. पीएस ४ ची (प्लेस्टेशन ४) होरायझनची डिस्क माझ्या पीएस ५ वर मस्त पळत होती, तरी पुन्हा तोच. नवं म्हणाल तर लेगोतलं होरायझन (म्हणजे पुन्हा होरायझनच), बेसबॉल, ॲस्ट्रो बॉट आणि कॉनकॉर्ड. बेसबॉल सांगलीत कोण खेळतं ते तुम्हीच सांगा.

कॉनकॉर्ड हा ऑनलाइन खेळ २३ ऑगस्टला आला आणि ६ सप्टेंबरला बंद. इकडं ७ तारखेला गणपती बसले, त्याच्या आदल्या दिवशीच याचं विसर्जन. ४० डॉलरचा खेळ, घेतलेल्या सगळ्यांचे पैसे परत. स्टीमवर, म्हणजे पीसीच्या खेळांच्या दुकानात, एका वेळी जास्तीत जास्त ६९७ माणसं होती. ऑक्टोबर संपता संपता स्टुडिओलाच टाळं.

हेलडायव्हर्सचं श्रेय घ्या, पण तो स्वीडनच्या ॲरोहेडनं केलाय. सोनीनं त्यात स्वतःची भर काय घातली? मे महिन्यात पीसीवाल्यांना फर्मान काढलं की प्लेस्टेशनचं खातं जोडा, नाहीतर खेळ बंद. ज्या देशांत ते खातं निघतच नाही, तिथल्या लोकांनी काय करायचं, हा विचारच नाही. तीन दिवस शिव्या खाल्ल्या आणि मागं घेतलं.

वर फेब्रुवारीतच सांगून मोकळे, की मार्च २०२५ पर्यंत जुन्या मोठ्या मालिकांमधला एकही नवीन खेळ येणार नाही. त्याच महिन्यात ९०० लोकांना घरी बसवलं, लंडनचा स्टुडिओ बंद केला. याला चांगलं वर्ष म्हणायचं असेल तर वाईट वर्ष कसं असतं ते एकदा सांगा.

पोवई_नाकेकर

आलं का सगळं बाहेर? बरं झालं.

तुमची अख्खी यादी 'सोनीच्या स्वतःच्या स्टुडिओंची' आहे. मी ५४,९९० मोजून मशीन घेतलं ते सोनीच्या ताळेबंदावर सही करायला नाही. त्या मशीनवर मला काय खेळायला मिळालं? फेब्रुवारीत फायनल फँटसी ७ रीबर्थ. मार्चमध्ये राइज ऑफ द रोनिन. एप्रिलमध्ये स्टेलर ब्लेड. ऑगस्टमध्ये वुकाँग. ऑक्टोबरमध्ये सायलेंट हिल २. यातला एकही तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर नव्हता. एवढं सगळं खेळायला वेळ कुणाला आहे? मी सकाळी एमआयडीसीत जातो, रात्री आठला परत. रीबर्थच अजून अर्धा पडलाय.

तुम्हाला गॉड ऑफ वॉर आणि स्पायडरमॅन यांच्या पलीकडं खेळच दिसत नाहीत, हा तुमचा चष्मा. सप्टेंबरअखेर साडेसहा कोटींवर मशीन विकली गेली. लोक काय वेडे आहेत?

गावभाग_सांगली

वुकाँग चीनच्या गेम सायन्सचा. स्टेलर ब्लेड कोरियाच्या शिफ्ट अपचा. सोनीनं स्वतः रांधलेलं काय, हे विचारतोय मी.

आणि वुकाँगचं नाव काढलंच आहे तर ऐका. २० ऑगस्टला तो आला, तीन दिवसांत एक कोटी प्रती गेल्या. तिसरा दिवस २३ ऑगस्ट, म्हणजे कॉनकॉर्डचा पहिला दिवस. लोकांना काय पायजे होतं ते त्या एका तारखेला सगळ्या जगाला दिसलं. एका घरात बसून एकट्यानं खेळायचा, शेवट असलेला खेळ. सोनी वीस वर्षं तेच विकत आली आणि नेमकं तेच विसरली.

कोरेगावकर

आमच्या भागात एका वर्षी आल्याला दर लागला की पुढच्या साली बांधाबांधावर आलं दिसतं, आणि काढणीला आलं की गाडीभाडं निघत नाही. सोनीनं हेच केलं. फोर्टनाइटला दर लागलेला बघितला आणि २०२२ मध्ये जाहीर केलं की मार्च २०२६ पर्यंत लाइव्ह सर्व्हिसचे, म्हणजे कायम ऑनलाइन चालवत ठेवायचे, दहाच्या वर खेळ काढणार. त्याचे बारा झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये म्हणाले, बारातले सहाच वेळेत येतील. डिसेंबरात लास्ट ऑफ असचा ऑनलाइन खेळ रद्द. आता जानेवारी २०२५ मध्ये सोनीच्याच बेंड आणि ब्लूपॉइंट या दोन स्टुडिओंचे चालू असलेले खेळ रद्द. ब्लूपॉइंटचा तर गॉड ऑफ वॉरचा लाइव्ह सर्व्हिस होता म्हणे. त्यातल्या नायकाला, क्रॅटोसला, रोजची हजेरी लावायला पाठवणार होते!

म्हणजे नाकेकर, २०२४ मोकळं का गेलं ते २०२२ मध्येच ठरलं होतं. जे हात मोठ्या खेळांत लागले असते ते यात अडकले.

पोवई_नाकेकर

शेतकरीदादा, मुद्दा मान्य. पण मग बारातला जो एक लागला त्याचं नाव काय? हेलडायव्हर्स २. बारा आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती. तो लाइव्ह सर्व्हिसच आहे की. लागला की म्हणायचं स्वीडनचा, पडला की म्हणायचं सोनीचा. हे बरंय तुमचं.

विटा_ते_हिंजवडी

दोघांनाही एक सांगतो, मी खेळांच्या कंपनीत नाही पण सॉफ्टवेअरमध्येच आहे आणि कपातीची ती मीटिंग कशी असते ते आतून बघितलंय. पंधरा मिनिटांचं आमंत्रण येतं, विषयाच्या जागी काही नसतं. कॉनकॉर्डवर विनोद करताना तेवढं ध्यानात ठेवा. वर्षानुवर्षं काम केलेल्या लोकांचं काम दोन आठवड्यांत पुसलं गेलं. तो खेळ आज पैसे देऊनही कुणाला बघता येत नाही.

आता खर्चाचं. लास्ट ऑफ अस २ ला सुमारे २२ कोटी डॉलर लागले, हे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाच्या कागदांतून बाहेर आलं. असा एक खेळ करायला पाच-सहा वर्षं. म्हणजे एका मशीनच्या आयुष्यात एका स्टुडिओचा एकच खेळ, फार तर दीड. मग मधली वर्षं कशानं भरायची? जुनं घासूनपुसून. २०२४ हे सोनीच्या चुकीचं वर्ष नाही, हे आता दर दोन-तीन वर्षांनी येणारच आहे. तुम्ही पात्राच्या चेहऱ्यावरचा घामसुद्धा दिसला पाहिजे म्हणता, दर वर्षी पाहिजे म्हणता, आणि दिवाळी सेलमध्ये निम्म्या किमतीत पाहिजे म्हणता.

गावभाग_सांगली

विनोद मी काम करणाऱ्यांवर केला नाही, ठरवणाऱ्यांवर केला. आणि २२ कोटींचा खेळच कर, असं सांगलीतून कुणी पत्र पाठवलं नव्हतं. ॲस्ट्रो बॉट साठेक लोकांनी तीनेक वर्षांत केला. वर्षाच्या सर्वोत्तम खेळाच्या शर्यतीत त्यानं बालात्रो, मेटाफर, एल्डन रिंगचं नवं प्रकरण, तुमचा वुकाँग आणि रीबर्थ यांना मागं टाकलं. कॉनकॉर्ड बंद झाला त्याच ६ सप्टेंबरला तो आला, हे तर कुठल्या कादंबरीत लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, फारच जुळवून आणलंय. टोकियोच्या या टीमसारख्या चार टीम का नाहीत, हा माझा प्रश्न. सोनीचा जपान स्टुडिओ २०२१ मध्ये मोडला कुणी?

मिरज_जंक्शन

माझा मुलगा नऊ वर्षांचा. मशीन ह्यांनी घेतलं, 'मुलासाठी' असं सांगून. सगळ्याच घरांत तसंच सांगतात वाटतं.

ॲस्ट्रो बॉट आमच्याकडे चालू झाला तेव्हा पहिल्यांदा असं झालं की मुलगा हेडफोन लावून अनोळखी पोरांशी ओरडत नव्हता. मला पण उडी मारता येते त्यात. पण मग कळलं की दोघांना एकत्र खेळताच येत नाही! एक मेला की दुसऱ्यानं घ्यायचं, एवढंच. आमच्याकडे दोन कंट्रोलर आहेत, दुसरा नुसता धूळ खातोय. तुम्ही सगळे तारखा आणि डॉलर मोजताय, पण घरातल्या दोन माणसांनी एका सोफ्यावर बसून खेळायचं असं २०२४ मध्ये सोनीनं काय दिलं, ते कुणीच बोलत नाही.

पोवई_नाकेकर

ताई, लेगो होरायझन आहे की. दोघं बसून खेळता येतो.

मिरज_जंक्शन

घेतला. दोन दिवसांत संपवून मुलगा म्हणाला, 'आता परत कर.' पुढं काय ते सांगा.

इस्लामपूरचा_वाघ

ताई तुम्ही नवीन घेतला?? पूर्ण किमतीला?

मला एक कळत नाही, तुम्ही सगळे पाच-पाच हजाराला खेळ घेता आणि मग वर्ष वाईट गेलं म्हणून रडता. मी वर्षभर सेकंडरी घेतोय, म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावरचा खेळ स्वस्तात. रीबर्थ, स्टेलर ब्लेड, ॲस्ट्रो बॉट, सगळं हजार-बाराशेत. माझं २०२४ लई भारी गेलं. वाईट गेलं असेल तर ते तुमच्या पाकिटाचं.

गावभाग_सांगली

हे आलं का. भावा, एक खातं दोघांना विकायचं, एकाला प्रायमरी, एकाला सेकंडरी, आणि विकणारा तिसराच. ही चोरी आहे. सरळ बोलतो, राग मानू नको.

इस्लामपूरचा_वाघ

राग कशाला. तू डिस्क घेतोस ना? संपली की विकतोस ना? त्यातला किती रुपया सोनीला जातो? शून्य. तुझ्या एका डिस्कवर चार जणं खेळतात, माझ्या एका खात्यावर दोन. चोर कोण जास्त?

कोरेगावकर

🙂 वाघानं पंजा मारला.

गावभाग_सांगली

डिस्क एका वेळी एकाच्याच मशीनमध्ये असते. मी विकली की माझ्याकडं राहत नाही. तुझं तसं नाही, एकाच वेळी दोघं खेळताय एका पावतीवर. आणि ते खातं तुझं नाहीच. पासवर्ड दुसऱ्याच्या हातात.

विटा_ते_हिंजवडी

वाघ, मी पण घेतलं होतं सेकंडरी, कॉलेजात असताना, एका विक्रेत्याकडून. सेकंडरीला नेट लागतंच, कारण मशीन दर वेळी विचारतं की खातं खरंय का. विट्यात संध्याकाळी लाइट गेली की राउटर बंद, इन्व्हर्टरवर टीव्ही चालू, मशीन चालू, आणि खेळाला कुलूप. पण तेही चालवून घेतलं असतं. एके दिवशी त्यानं पासवर्डच बदलला. फोन लावला तर 'सर, सिस्टीम अपडेट चालू आहे.' ती सिस्टीम अजून अपडेटच होतेय. तक्रार कुणाकडं करणार? कंपनीला काय सांगणार, की दुसऱ्याच्या खात्यावर खेळत होतो?

इस्लामपूरचा_वाघ

तू चुकीच्या माणसाकडून घेतलंस. माझा माणूस खात्रीचा आहे.

विटा_ते_हिंजवडी

माझाही खात्रीचाच होता.

जुना_खेळिया_वाई

पोरांनो, आम्ही नव्वदच्या दशकात जत्रेतून '९९९९ खेळ' लिहिलेली कॅसेट आणायचो. त्यात खरे खेळ दहा-बारा, बाकी तेच मारिओ आणि काँट्रा नाव बदलून. ते सगळंच नकली होतं, मशीनसुद्धा. कुणी कुणाला चोर म्हटलं नाही. भारतात कन्सोलचा बाजार त्या नकली मालावर उभा राहिला. आता हा नैतिकतेचा तास कशाला?

गावभाग_सांगली

काका, तेव्हा अस्सल मिळतच नव्हतं. आता मिळतंय.

जुना_खेळिया_वाई

मिळतंय का? मग तुझा पीएस ५ प्रो कुठाय?

पोवई_नाकेकर

काका 👏

गावभाग_सांगली

प्रोचं तर मीच काढणार होतो! नोव्हेंबरमध्ये प्रो जगभर आला, ७०० डॉलरला. भारतात नाही. कारण त्यातलं वायफाय ७ ज्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतं, त्याला तेव्हा आपल्याकडं परवानगी नव्हती. हे सोनीनंच सांगितलं. आता एवढी मोठी कंपनी, एवढा मोठा देश, एक मॉडेल त्या पट्ट्याशिवाय काढता येत नव्हतं?

कोरेगावकर

दोष कुणाचा धरायचा ते ठरवा आधी. परवानगी आपल्या सरकारची नव्हती आणि शिव्या सोनीला.

गावभाग_सांगली

दोघांना देतो, पुरून उरतील. आणि आला असता तरी त्यात डिस्कचा खणच नाही, तो वेगळा विकत घ्यायचा. इथं येतो माझा खरा राग. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचं खालचं घर बुडालं. पीएस ४ गेलं, टीव्ही गेला. डिस्क मात्र वाचल्या. प्लास्टिकच्या डब्यात होत्या, वरचे कागद कुजले, डिस्का धुऊन पुसून वाळवल्या आणि त्यातल्या बहुतेक आजही चालतात. होरायझनची जी डिस्क म्हणालो ना वर, ती त्यातलीच. आता ज्या कंपनीला ही डिस्कच नकोशी झालीय तिच्या वर्षाचं कौतुक मी करायचं?

विटा_ते_हिंजवडी

डिजिटल घेतलं असतंस तर नवीन मशीनवर परत उतरवता आलं असतं. फडक्याची पण गरज नव्हती. भावना बाजूला ठेव, पुरात वाचणारा खेळ हा डिजिटलच असतो.

गावभाग_सांगली

सर्व्हर असेपर्यंत! वर तूच लिहिलंस की कॉनकॉर्ड आता पैसे देऊनही बघता येत नाही.

विटा_ते_हिंजवडी

कॉनकॉर्डची डिस्कपण निघाली होती. घाल मशीनमध्ये, बघ काय दिसतंय. तो ऑनलाइन खेळ होता, त्याचा आणि डिस्कचा संबंध नाही.

गावभाग_सांगली

बरं, कॉनकॉर्डचं उदाहरण चुकीचं. बाकीचं तसंच उभं आहे.

इस्लामपूरचा_वाघ

म्हणजे डिस्क पण कामाची नाही. 😂 सेकंडरी घ्या.

मिरज_जंक्शन

वाघोबा, माझ्या मुलाच्या मशीनवर कुणा अनोळखी माणसाचं खातं घालायला मी तयार नाही. चोरी वगैरे तुमचं चालू द्या, पण ज्याचं खातं, त्याच्याच मित्रांची यादी आणि त्याचेच निरोप मुलाला दिसणार. हजार रुपये वाचवायला हे कोण करेल?

इस्लामपूरचा_वाघ

हा मुद्दा… ठीक आहे ताई. लहान पोरं असतील तर नका घेऊ. मी एकटाच असतो.

कोरेगावकर

सातारा आणि सांगलीची डिस्क अदलाबदल आम्ही कराड स्टँडवर करायचो. दोघंही एसटीनं यायचे, वडापाव खायचा, डिस्कवर ओरखडे आहेत का उजेडात बघायचं, परत जायचं. सेकंडरीमुळं ते बंद पडलं. वाघ, तुझ्यासारख्या लोकांमुळं माझी स्पायडरमॅन २ ची डिस्क तीन हजाराला पण कुणी घेईना.

इस्लामपूरचा_वाघ

तू तीन हजार मागतोस म्हणून. सव्वा वर्ष झालं तिला.

पोवई_नाकेकर

अहो मूळ विषय काय, चाललंय काय. दुपारभर प्रायमरी-सेकंडरी. गावभाग, मी एकच विचारतो, सरळ उत्तर द्या. तुम्ही स्वतः २०२४ मध्ये सोनीचा कुठला खेळ नवा, पूर्ण किमतीला घेतला?

गावभाग_सांगली

ॲस्ट्रो बॉट. पहिल्या आठवड्यात, डिस्क. आणि अजून विकलेली नाही.

पोवई_नाकेकर

म्हणजे एक घेतला आणि तो आवडला. वर्ष वाईट कसं?

गावभाग_सांगली

बारा महिन्यांत एक! तुम्ही तरी सोनीच्या घरचा किती घेतला?

पोवई_नाकेकर

हेलडायव्हर्स.

गावभाग_सांगली

तो स्वीडनचा.

पोवई_नाकेकर

पुन्हा तेच! छापला कुणी, हक्क कुणाचे? सोनीचे. हां, घरच्या स्टुडिओंचं वर्ष कोरडं गेलं, घ्या, लिहून दिलं. लॅमिनेशन करून हरभट रोडला लावा. पण प्लेस्टेशनवाल्याचं वर्ष वाईट गेलं हे मी मरेपर्यंत मानणार नाही. माझा रीबर्थ अजून अर्धा आहे.

जुना_खेळिया_वाई

तो रीबर्थ आता पीसीवर पण आला, २३ जानेवारी २०२५ ला. मशीन घेतलंस कशाला मग?

पोवई_नाकेकर

काका तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?

कोरेगावकर

ते राहू द्या. यंदा, २०२५ मध्ये, घोस्ट ऑफ योतेई आणि डेथ स्ट्रँडिंग २ जाहीर झालेत. गावभाग, आगाऊ बुकिंग करणार का?

गावभाग_सांगली

आगाऊ नाही. २०२४ नंतर तर नाहीच. येऊ दे, लोकांचं ऐकतो, महिन्या-दोन महिन्यांनी कुणाची तरी वापरलेली डिस्क घेतो.

इस्लामपूरचा_वाघ

आणि त्यातला किती रुपया सोनीला जाणार, गावभाग?